पद्मिनीचा रेडिओ

जुन्या प्रीमियर पद्मिनीत आजचा स्टीरिओ बसवायचा म्हटलं की सगळे आधी जागेचं बोलतात. आजच्या संचाचं तोंड ठरलेल्या मापाचं येतं, साधारण १८ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच. तेवढी खाच जुन्या डॅशमध्ये नसते. पण जागा काढता येते. पत्र्याची पट्टी वाकवून डॅशखाली टांगता येतं, नाहीतर सीटखाली सरकवता येतं. माणूस अडतो तो तारांपाशी. गाडी एका काळाची, स्टीरिओ दुसऱ्या काळाचा, आणि दोघांची विजेची रीतच वेगळी. आमच्या माढ्याच्या घरातल्या १९७८ सालच्या पद्मिनीत हे काम यंदा झालं. ते होताना शेजारी बसून पाहिलं, तेव्हा त्या गाडीत आधी गाणी कशी वाजत होती हेही मला नव्यानं समजलं.

ही गाडी १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघायची. पुढं ती प्रेसिडेंट झाली, १९७४ च्या सुमारास पद्मिनी झाली. आमच्याकडं माढा, कुर्डुवाडी, मोडनिंब, बार्शी, कुठंही ती फियाटच राहिली. आमच्या आण्णांना तिचा निराळा अभिमान होता. प्रीमियर कंपनी १९४४ साली उभी करणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, १८८२ साली तिथंच जन्मलेले. "आपल्या जिल्ह्याच्या माणसाची गाडी हाय ही," असं आण्णा दारात आलेल्या पाहुण्याला सांगायचे आणि बॉनेटवरून हात फिरवायचे. गाडी नोंदवून वाट बघत बसायचे ते दिवस. त्यामुळं ती दारात आली तेव्हा माढेश्वरीच्या देवळापर्यंत पहिली फेरी झाली आणि मगच घरात शिरणं झालं.

रेडिओ नंतर आला. डॅशखाली लोखंडी पट्टीला टांगलेला, दोन टोकांना दोन खुंट्या, मधे पिवळट उजेडाची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा लाल काटा. डावी खुंटी आवाजाची, उजवी स्टेशनची. पट्टीखाली जाड बटणं होती. स्टेशन लावायचं, बटण बाहेर ओढायचं, परत आत दाबायचं, की त्या बटणाच्या मागची दातेरी पट्टी तेवढ्याच जागी पक्की बसायची. पुढच्या वेळी बटण दाबलं की काटा टक्कन त्याच ठिकाणी जायचा. त्याला विजेची गरज नव्हती. बॅटरी काढून महिनाभर ठेवली तरी रेडिओला पुणे केंद्र कुठं आहे ते लक्षात असायचं, कारण ते लोखंडात लक्षात ठेवलेलं होतं. यंत्राची ही हुशारी मला आजही थोर वाटते.

रेडिओ बाळगायला तेव्हा पोस्टातून लायसन काढावं लागे. दर वर्षी फी भरायची, पुस्तकावर शिक्का घ्यायचा. १९८० च्या दशकात ते बंद झालं. एवढं करून मिळायचं काय, तर सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या, सुधा नरवणे यांच्या स्वच्छ, घाई नसलेल्या आवाजात. आण्णा त्या ऐकायला गाडी सुरू करण्याआधी दोन मिनिटं नुसते स्टिअरिंगला हात लावून बसायचे. रेडिओ बैठकीतही होता, पण गाडीतल्या बातम्या त्यांना जास्त खऱ्या वाटत असाव्यात.

खरी मजा संध्याकाळी. मिडीयम वेव्हचा स्वभावच तसा आहे. दिवसा वातावरणाचा एक खालचा थर त्या लहरी पिऊन टाकतो, म्हणून दुपारी माढ्यात दूरची स्टेशनं मलूल लागत. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थराला आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. शेटफळकडून घराकडं परतताना दिवेलागणीला काटा फिरवला की एकेक केंद्र उगवायला लागायचं. कुठली कानडी, कुठली तेलुगू, मधेच मुंबई अगदी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी, आणि पुन्हा लांब. आवाज असा भरायचा आणि ओसरायचा. बुधवारी आठच्या ठोक्याला शॉर्टवेव्हवर सिलोन लागायचं. अमीन सयानींची गीतमाला तिथं १९५२ पासून चालू होती, आणि आमच्या गाडीत ती ऐकताना पाच माणसं एका श्वासावर असायची. कोणतं गाणं कुठल्या पायरीवर यावरून मागच्या सीटवर भांडणं लागत, ती माढ्याचं फाटक येईपर्यंत मिटत नसत.

क्रिकेटची मॅच असली की गाडी शेताच्या बांधावर उभी राहायची. चारी दारं उघडी, बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन, आणि भोवती खुरपी बाजूला ठेवून बसलेली माणसं. आण्णा मधून मधून इंजिन चालू करून बॅटरीला दम द्यायचे. तेव्हा मला ते नुसतं कौतुकाचं वाटे. त्यामागं एक हिशोब होता, तो पुढं सांगतो.

कॅसेटचा काळ आमच्या फियाटला फारसा शिवला नाही. ऐंशीच्या दशकात प्रल्हाद शिंदे जीपमधून, टेंपोमधून, रसवंतीवरून ऐकू येऊ लागले, पंढरीच्या वाटेवर तर दुसरं काही वाजतच नसे. आण्णांनी मात्र रेडिओ काढू दिला नाही.

त्या रेडिओत इंजिनही ऐकू यायचं. प्लगमध्ये ठिणगी पडते तेव्हा ती स्वतःच एक छोटं प्रसारण करते, आणि मिडीयम वेव्हचा रेडिओ ते प्रामाणिकपणे पकडतो. गाडी हळू असली की टक टक टक, वेग घेतला की त्याची सलग करकर. कुर्डुवाडीचे बॅटरीवाले मामा त्यावर उपाय करायचे. डायनॅमोला एक कंडेन्सर, कॉइलला एक कंडेन्सर, प्लगच्या टोप्या रेझिस्टन्सवाल्या. करकर पूर्ण जात नसे, पण गाण्याच्या मागं जाऊन बसे. रेडिओ लावलेला असताना आण्णा इंजिनचं दुखणं कानानं ओळखायचे. एक टक चुकली की म्हणायचे, "तिसऱ्या प्लगचं बघा वो मामा."

आता तारांकडं येतो. त्या रेडिओला तीन तारा होत्या, बस. एक एरियलची, एक प्लसची, एक स्पीकरची. मायनसला तारच नव्हती, कारण गाडीचा सगळा पत्रा हाच मायनस. रेडिओची पेटी स्क्रूनं पत्र्याला टेकली की अर्थिंग झालं. स्पीकर एकच, त्याला रेडिओकडून एक तार यायची, दुसरं टोक जवळच्या बोल्टला बांधलेलं. आवाजाची वीज एका तारेनं स्पीकरपर्यंत जायची आणि परतीचा प्रवास दारं, छप्पर, तळ, सगळ्या गाडीतून व्हायचा. आम्ही ऐकलेल्या प्रत्येक गाण्यात असा त्या पत्र्याचा वाटा होता. हे कळलं तेव्हा मला त्या गाडीबद्दल आणखीच माया वाटली.

नव्या स्टीरिओच्या मागून तारांचा झुबका येतो. पिवळी तार कायम बॅटरीला, संचाची आठवण जिवंत ठेवायला. लाल तार किल्ली फिरवल्यावर चालू होणारी. काळी अर्थिंगची. निळी एरियलची किंवा बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जागं करणारी. मग स्पीकरच्या चार जोड्या: पांढरी, करडी, हिरवी, जांभळी, प्रत्येकीला काळ्या रेघेची जोडीदार. हे रंग खोक्यावर छापलेले असतात. पद्मिनीच्या डॅशखाली डोकं घातलं तर तिथं उन्हानं, तेलानं, धुळीनं सगळ्या तारा एकाच मातकट रंगाच्या झालेल्या. मूळचा रंग बघायचा तर टेप सोडवून आतला कोरा भाग उघडावा लागतो.

शहरातल्या एका दुकानात आधी विचारलं होतं. तिथल्या माणसानं गाडीभोवती चक्कर मारली आणि डॅश कापायचा, जुनं वायरिंग ओढून टाकायचं, दारांना भोकं पाडून स्पीकर बसवायचे, असा बेत सांगितला. गाडी तशीच वळवून आणली. मला राग त्या माणसाचा आला नाही, रीतीचा आला. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीलाच थांबलं. मुंबईत नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वयोमर्यादेनं रस्त्यावरून गेली. एके काळी ज्या गाडीशिवाय मुंबईचा नाका ओळखू आला नसता, ती आज शोधावी लागते. तिच्या डॅशवर करवत चालवायची ती कशासाठी, दहा वर्षांत कालबाह्य होणाऱ्या एका खोक्यासाठी?

काम शेवटी केलं टेंभुर्णीच्या एका पोरानं. बॅटरीवाल्या मामांच्या नात्यातला, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांचं वायरिंग करणारा. उजनीचं पाणी आल्यापासून आमच्या तालुक्यात हंगामाच्या रात्री कशा असतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. दोन ट्रॉल्या ऊस, पुढं दिव्यांच्या माळा, आणि ट्रॅक्टरच्या टपावर दोन शेतं पलीकडं ऐकू जाणारे स्पीकर. तो आवाज मला सोसत नाही. पण हे बसवणारी पोरं बारा व्होल्टची वीज अशी ओळखतात की त्यांच्यापुढं हात जोडावेत. हा पोरगा डॅशखाली पाठीवर झोपला, बराच वेळ नुसता बॅटरीच्या उजेडात बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, ह्यातली एक बी तार तोडायची नाही आपण. हिचं हिला राहू द्या. आपलं आपण वेगळं आणू."

तेच मला हवं होतं, फक्त असं नेमकं सांगता येत नव्हतं.

कुर्डुवाडीच्या जुन्या लोकांना ही गोष्ट चटकन समजेल. १८९७ साली बार्शी लाइट सुरू झाली तेव्हापासून शंभर वर्षांहून जास्त काळ तिथं दोन रूळ शेजारी शेजारी होते, एक मोठा, एक अडीच फुटी. बार्शीची छोटी गाडी पुण्याच्या रुळावर चढू शकत नव्हती, म्हणून कोणी तिची चाकं कापली नाहीत. माल एका डब्यातून दुसऱ्यात उचलून ठेवला, माणसं फलाट ओलांडून गेली. आमच्या गाडीतही तसंच केलं. जुनं वायरिंग त्याच्या रुळावर, नवं त्याच्या, आणि दोघांची गाठ एकाच ठिकाणी, बॅटरीपाशी.

पिवळी तार थेट बॅटरीच्या प्लसवरून आणली, टर्मिनलपासून वीतभर अंतरावर फ्यूज घालून. पत्र्यातून तार जिथं आत शिरते तिथं रबरी बूच, नाहीतर पत्र्याची धार वर्ष-दोन वर्षांत तिला सोलते आणि गाडी पेटते. काळी तार डॅशच्या रंगावर न टेकवता तीही बॅटरीच्या मायनसलाच नेली. लाल तारेसाठी त्यानं टेस्ट लॅम्प काढला. होल्डरमध्ये एक बल्ब, दोन तारा, एकीला चिमटा, दुसरीला सुई. चिमटा पत्र्याला, आणि सुई एकेका फ्यूजला. पद्मिनीचे फ्यूज चिनी मातीचे, दोन्ही टोकांना निमुळते, त्यावरून बसवलेली धातूची पट्टी. किल्ली बंद असताना जिथं बल्ब पेटला ते फ्यूज सोडले, किल्ली फिरवल्यावरच जिथं पेटला तो धरला. तिथंही मूळ तारेला हात न लावता फ्यूजच्या पाकळीवर थिंबल सरकवलं. उद्या ते ओढून काढलं तर खूण राहणार नाही.

सगळ्यात नाजूक भाग स्पीकरचा. मी विचारलं, मागचा जुना स्पीकर आहे, पत्र्याला बांधलेला, त्याचाच उपयोग का नाही करायचा? पोरगा उठूनच बसला. नव्या संचात स्पीकरची कोणतीच तार मायनस नसते. दोन्ही तारा बॅटरीच्या निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे साधारण सहा व्होल्टवर तरंगत असतात. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, म्हणून बारा व्होल्टमधूनच एवढा आवाज निघतो. त्यातली एक पत्र्याला टेकली की आतल्या आयसीवर सगळा भार येतो. संच चांगला असेल तर स्वतःला बंद करून घेतो, साधा असेल तर धूर सोडतो. जुन्या गाड्यांत नवे स्टीरिओ जळण्याचं हे फार मोठं कारण आहे, आणि दोष बिचाऱ्या गाडीच्या नावावर जातो. म्हणून प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र जोडी ओढली, पायपुसण्यांखालून, दारांच्या उंबऱ्याच्या कडेनं, मागच्या ट्रेपर्यंत. पत्रा आता त्या प्रवासात नाही. याचं मला थोडं वाईट वाटलं, ते मी लपवत नाही.

आता तो हिशोब. पद्मिनीला अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे, आणि त्याची ताकद दोनशे वॉटच्या आसपास. रात्री दोन हेडलाइट ९० वॉट घेतात, मागचे आणि डॅशचे दिवे २५–३०, कॉइल ४० धरा. उरले जेमतेम चाळीस. शिवाय डायनॅमो संथ इंजिनवर काहीच देत नाही. फाटकापाशी गाडी उभी राहिली की लाल दिवा लागतो, कटआउट सुटतो आणि सगळं बॅटरीवर चालतं. बांधावर आण्णा इंजिनला रेस देत होते ते म्हणूनच. जुना रेडिओ अगदी थोड्यात भागवायचा. नवा स्टीरिओ बेताच्या आवाजात २०–२५ वॉट घेतो, तेवढं झेपतं. खुंटी पिळली तर तो शंभरावर जातो, मग दिवे पिवळे पडतात. पुष्कळ जण अशा गाडीला अल्टरनेटर बसवून मोकळे होतात. आम्ही नाही बसवला. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपात जपलेली गाडी व्हीए अक्षरांच्या नंबरावर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आमची पद्मिनी २०२८ ला पन्नाशीची होईल. तोवर डायनॅमो गुणगुणत राहू दे. डिकीत अ‍ॅम्प्लिफायर नको, दणका नको, गाण्यातले शब्द कळले की पुरे.

आणखी एक फरक पडला. पिवळ्या तारेतून संच सतत थोडी थोडी वीज पीत राहतो, नुसतं लक्षात ठेवण्यासाठी. गाडी पंधरवडाभर उभी राहते, आणि बॅटरी मान टाकते. म्हणून बॅटरीला कटऑफ बसवला. तो फिरवला की नवा संच सगळी स्टेशनं विसरतो, घड्याळ बाराच्या ठोक्यावर येऊन थांबतं. जुन्या बटणांची तेव्हा फार आठवण येते.

आवाज आता स्वच्छ आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या दिवशी वेग घेतला की गाण्यामागं डायनॅमोची शीळ यायची, ती बॅटरीच्या तारेत कॉइल-कंडेन्सरचा फिल्टर घातल्यावर गेली. भीमसेनजींचा अभंग इतका जवळ येतो की तंबोऱ्याची जवारी कळते. मागच्या सीटवर मात्र आता भांडण वेगळं असतं: फोन कुणाचा जोडायचा. नातवंडं आपापल्या कानात आपापलं घालून बसायची, ती या गाडीत बसत नाहीत तशी. सीट सलग आहे, खिडक्या उघड्या, वारा आत येतो, कानात काही टिकत नाही. एकच गाणं सगळ्यांनी ऐकावं लागतं. ही सक्ती मला फार आवडते.

बातम्यांचं मात्र आई सोडत नाही. प्रसार भारतीच्या अ‍ॅपवरून सात पाचच्या पुण्याच्या बातम्या फोनवर येतात, फोनवरून स्टीरिओत. अक्षर न् अक्षर नीट ऐकू येतं. दोन दिवस ऐकून ती म्हणाली, "ह्यात पुणं लांब असल्यासारखं वाटतच नाही. तो जुना लाव बघू." जुना रेडिओ कपाटात आहे, टेबलावर बॅटरीला जोडून पाहिला तर काटा हलतो, दिवा लागतो, आणि पहिलं बटण दाबलं की तो अजून पुण्यावरच जातो. रेल्वेवर आता विजेच्या तारा आल्यात, फाटकाच्या आसपास घरघर येईल, पण पुढं वस्तीबाहेर लागेल. पोरगा म्हणतो, दोन्ही राहू शकतात: नवा संच सीटखाली सरकवायचा, जुना त्याच्या पट्टीवर परत, एरियल जुन्याला, आणि त्याच्या स्पीकरचं दुसरं टोक पूर्वीसारखं पत्र्याला. फक्त दोघांचे स्पीकर एकमेकांना लागता कामा नयेत. ते काम गुढीपाडव्यानंतर करायचं ठरलंय. त्याआधी कारखान्यांचे ट्रॅक्टर त्याला सोडत नाहीत.